गडद राखाडी पट्टा: एका कंपनीचा रंग दुसऱ्या कंपनीत जुळवताना

इमारतींच्या दुरुस्ती आणि रंगकामावर देखरेख करणं हा माझा व्यवसाय. हे प्रकरण मुंबईतल्या एका सहकारी गृहनिर्माण सोसायटीचं आहे. सोसायटीची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, रंगाचे तपशील मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत. अशा कामात सगळा निकाल तपशिलांवरच लागतो.

पार्श्वभूमी

गोरेगाव पूर्वेला, स्टेशन आणि एक्सप्रेस हायवेच्या मधोमध, सात मजल्यांची दोन विंगांची इमारत. अंगाचा रंग फिकट क्रीम. जिन्याच्या बाहेरच्या भिंतीवर गच्चीपासून जमिनीपर्यंत दहा फूट रुंदीचा गडद राखाडी पट्टा, आणि गच्चीच्या कठड्याला तोच रंग. ए विंगचा पट्टा पश्चिमेकडे तोंड करून आहे, बी विंगचा पूर्वेकडे.

२०१९च्या उन्हाळ्यात सगळी इमारत रंगवली तेव्हा राखाडी निवडला गेला, कारण क्रीमला उठाव येतो आणि हा रंग मळखाऊ असतो असा सगळ्यांचा समज होता. तो समज अर्धाच खरा आहे. धूळ आणि गाड्यांची काजळी हा रंग पोटात घालतो. पण लोणा (भिंतीतून वर येणारा पांढरा क्षार), चुन्याचे ओघळ आणि ठिगळं तो लपवत नाही, उलट पुढे आणून दाखवतो.

२०२३च्या पावसाळ्यात ए विंगच्या जिन्यात ओल उतरली. दिवाळीनंतर बाहेरचा पोकळ झालेला गिलावा पाच ठिकाणी फोडून काढला आणि जानेवारीच्या शेवटी नवा केला. पाचही जागा मिळून साधारण १४० चौरस फूट. आता तेवढ्याच जागेला पुन्हा राखाडी रंग द्यायचा होता. काम इतकं लहान वाटलं की कमिटीने रंगासाठी वेगळी चर्चाही केली नाही. कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात 'टच-अप, जुन्या रंगाप्रमाणे' एवढीच ओळ होती.

अडचण

२०१९चा रंग एका कंपनीचा होता. तिला इथे पहिली कंपनी म्हणते. कंत्राटदाराचं उधारीचं खातं दुसऱ्या कंपनीच्या डीलरकडे होतं. पहिल्या कंपनीचा शेड नंबर सोसायटीच्या जुन्या बिलावर सापडला. तो डीलरला सांगितला, डीलरने संगणकात टाकला, संगणकाने दुसऱ्या कंपनीच्या बेसमधलं (बेस म्हणजे रंगद्रव्य घालण्याआधीचा मूळ रंग) त्याच्या जवळचं सूत्र काढून दिलं, आणि चार लिटरचा डबा तयार झाला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झुला (दोरांवर लटकणारा कामाचा पाळणा) लावून पाचही ठिगळांवर दोन हात मारले.

पहिल्या दिवशी कुणी काही बोललं नाही. चौथ्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो यायला लागले. ठिगळं निळी दिसत होती. "भिंतीला मार लागल्यासारखी दिसतेय," असं तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजींनी लिहिलं, आणि दुर्दैवाने उपमा अगदी बरोबर होती. कंत्राटदाराचं म्हणणं, नंबर तोच दिला आहे. डीलरचं म्हणणं, संगणकाने काढलं तेच दिलं आहे. दोघंही खरं बोलत होते.

मार्चच्या सुरुवातीला मला बोलावलं. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला दाखल होतो. रंगाला त्याआधी नीट वाळायला वेळ हवा, म्हणजे हातात खरे दोनच महिने.

गडद राखाडी इतका अवघड का

हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचे निर्णय कळणार नाहीत.

दुकानातलं टिंटिंग मशीन तयार रंग देत नाही. ते बेसमध्ये रंगद्रव्याचे थेंब सोडतं. फिकट रंगांच्या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे पांढरं द्रव्य, भरपूर असतं. थेंब थोडा इकडेतिकडे झाला तरी ते सावरून घेतं. गडद रंगांसाठी जो डीप बेस असतो त्यात हे पांढरं फार कमी असतं. त्यामुळे थेंबाची चूक झाकायला काही उरत नाही, आणि रंगाची झाकणशक्तीही कमी पडते. दोन हातांत जे काम क्रीम करतो त्याला डार्क ग्रेचे तीन हात लागू शकतात.

दुसरी गोष्ट झाकेची. राखाडी म्हणजे नुसता काळा अधिक पांढरा नव्हे. प्रत्येक राखाडीत कुठलीतरी झाक असते: निळसर, हिरवट, जांभळट किंवा मातकट. लाल किंवा पिवळ्या रंगात अशी थोडी झाक बदलली तर डोळा माफ करतो. राखाडीत करत नाही, कारण तिथे तिला झाकणारा दुसरा रंगच नसतो. त्यात काळं द्रव्य प्रत्येक कंपनीचं एकसारखं नसतं. जाड कणांचा काजळीसारखा काळा पांढऱ्यात मिसळला की निळसर दिसतो, बारीक कणांचा तपकिरीकडे झुकतो, आयर्न ऑक्साइडच्या काळ्याची तऱ्हा आणखी वेगळी. एका कंपनीने आपल्या काळ्यावर बेतलेला रंग दुसऱ्या कंपनीला आपल्या काळ्याने उभा करावा लागतो. तो उभा राहतो, पण वेगळ्या द्रव्यांतून. मग दुपारच्या उन्हात जुळलेले दोन रंग रात्री दिव्याखाली वेगळे दिसतात. तांत्रिक भाषेत याला मेटॅमेरिझम म्हणतात.

तिसरी गोष्ट चमक. मॅट आणि शीन फिनिशमध्ये एकच सूत्र घातलं तरी गडद रंग वेगवेगळे दिसतात. मॅट पृष्ठभाग उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून रंग किंचित फिका आणि पावडर लावल्यासारखा वाटतो. शीन समोरून खोल दिसतो, तिरकस उन्हात मात्र चकाकतो. इथे जुना रंग शीनचा होता आणि नवा डबा मॅटचा. हे डब्यावर छापलेलं होतं, पण कुणी पाहिलं नव्हतं.

पहिला निर्णय: जुळवायचं कशाशी?

कमिटीच्या बैठकीत मी पहिला प्रश्न हाच विचारला. सगळ्यांनी एका सुरात उत्तर दिलं, "जुन्या रंगाशी." पण जुना रंग म्हणजे कोणता? शेडकार्डवरचा, २०१९ साली बादलीत होता तो, की आज भिंतीवर आहे तो? पाच उन्हाळे आणि पाच पावसाळे मधे गेले आहेत. पश्चिमेच्या भिंतीवर हात फिरवला की तळव्याला करडी पूड लागायची, खडू चोळल्यासारखी. बाहेरच्या रंगातला चिकट भाग उन्हाने झिजला की द्रव्याचे कण असे सुटे होतात आणि गडद रंग वरून पांढुरका दिसायला लागतो.

मुकादम चिपळूणकडचे, तीस वर्षं झुल्यावर काम केलेले. सगळी साइट त्यांना मामा म्हणते, मीही. त्यांनी एक मोलाची गोष्ट दाखवली. पावसाळी पाण्याच्या पाइपाला भिंतीत धरणारी एक लाकडी फळी होती. ती काढल्यावर मागे हातभर जागा निघाली, जिथे २०१९नंतर ऊन पोचलंच नव्हतं. "मॅडम, हा बघा आपला खरा रंग," मामा म्हणाले. बाजूच्या भिंतीशी तुलना केली तर दोन वेगळे रंग वाटावेत इतका फरक.

तिथून आणि उघड्या भिंतीवरून असे दोन पापुद्रे काढले, दहा रुपयांच्या नाण्याएवढे, ओल्या फडक्याने पुसून कोरडे केलेले. मालाडच्या ज्या डीलरकडे स्पेक्ट्रोफोटोमीटर होता तिथे नेले. सँडफेस गिलाव्याच्या खडबडीत पृष्ठभागावर यंत्र ठेवलं तर कणांच्या सावल्याही मोजल्या जातात आणि आकडा गडद येतो. म्हणून पापुद्रा शक्य तितका सपाट निवडला, आणि प्रत्येक पापुद्रा तीनदा फिरवून वाचला.

हे यंत्र रंगाचे तीन आकडे देतं. १९७६मध्ये ठरलेल्या पद्धतीत 'एल' म्हणजे उजळपणा, शून्य काळा आणि शंभर पांढरा. 'ए' म्हणजे लाल-हिरव्यातला कल, 'बी' म्हणजे पिवळ्या-निळ्यातला. दोन रंगांमधलं एकूण अंतर म्हणजे डेल्टा ई. एकाच्या आसपासचं अंतर डोळ्याला जेमतेम कळतं. २०००मध्ये सुधारलेल्या सूत्रात राखाडीच्या जवळच्या रंगांसाठी खास दुरुस्ती आहे, तिथे डोळा जास्त चिकित्सक असतो म्हणून. आमचं काम जुन्या सूत्रावर भागलं.

फळीमागच्या रंगाचा एल ३३, बी उणे १. उघड्या भिंतीचा एल ३९, बी जवळजवळ अधिक १, धुळीने किंचित पिवळट. निळ्या ठिगळाचा एल ३४, बी उणे ४.

या तीन ओळींनी प्रकरण उलगडलं. ठिगळ आणि भिंत यांच्यात अंतर सातच्या आसपास होतं, म्हणून ते भिंतीला मार लागल्यासारखं दिसत होतं. पण फळीमागचा मूळ रंग आणि आजची भिंत यांच्यातलं अंतरही सहाच्या वर होतं. म्हणजे कंत्राटदाराने पहिल्या कंपनीचाच, त्याच नंबरचा, निर्दोष डबा आणला असता तरी ठिगळं दिसलीच असती. निळी दिसली नसती, काळी दिसली असती. हे आकडे कमिटीसमोर ठेवले तेव्हा कंत्राटदार आणि डीलर यांच्यावरचा राग बराच ओसरला, आणि खरी चर्चा सुरू झाली.

दुसरा निर्णय: पर्याय

सेक्रेटरी साहेबांचा आग्रह पहिल्या कंपनीकडे परत जाण्याचा होता. तोच नंबर, तोच फिनिश, वाद मिटला. वरच्या आकड्यांमुळे हा पर्याय ठिगळांपुरता बाद झाला.

खजिनदार काकूंना वाटत होतं की आज भिंतीवर जो रंग आहे तोच यंत्राने वाचून फक्त ठिगळांवर लावावा. खर्च सगळ्यात कमी, आणि ऐकायला अगदी तर्कशुद्ध. मी त्यांना दुर्बीण देऊन वरच्या आणि खालच्या मजल्यांचा रंग बघायला सांगितलं. झुल्यावरून आणखी दोन पापुद्रे काढले. पहिल्या मजल्यावर, समोरच्या झाडाच्या सावलीत, एल ३६ आणि सातव्या मजल्यावर ४१. एकाच पट्ट्यात पाच अंकांचा फरक. मग पाच ठिगळांसाठी पाच सूत्रं करायची का? आणि ती आज जुळली तरी नवा रंग आणि पाच वर्षं जुना रंग इथून पुढे एकाच चालीने जुने होत नाहीत. पुढच्या मेपर्यंत ठिगळं पुन्हा वर येणार.

मामांचा पर्याय जुन्या कारागिराचा होता: साइटवर स्टेनर, म्हणजे बाटलीतलं घट्ट रंगद्रव्य, घालून हाताने जुळवायचा. मामांचा डोळा तयार आहे, त्यांनी माझ्यासमोर एका पाटीवर अर्ध्या तासात भिंतीशी जवळजवळ मिळणारा राखाडी करून दाखवला. त्या हाताचा मला आदरच वाटला. पण तीच पाटी सुकल्यावर एक छटा गडद झाली. इमल्शन ओलं असताना दुधाळ आणि फिकट दिसतं, सुकल्यावर खाली उतरतं. शिवाय डब्यावर दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त स्टेनर घातला तर बाहेरच्या रंगाची ताकद कमी होते. सगळ्यात मोठी अडचण अशी की हा रंग पुन्हा करता येत नाही. एखादी बादली कमी पडली तर संपलं.

एका सभासदाने, जे स्वतः खिडक्यांचं काम करतात, आरएएल ७०१६ सुचवला. जर्मनीत १९२७पासून चालत आलेली ही क्रमांकांची पद्धत. तिचा ७०१६ म्हणजे अँथ्रासाइट ग्रे, आणि अॅल्युमिनियमच्या पावडर कोटेड खिडक्यांमध्ये तो फार चालतो. त्यांचा मुद्दा होता की क्रमांक सर्वमान्य असेल तर कंपनी कोणतीही असो, रंग एकच येईल. मुद्दा विचार करण्यासारखा होता. नवीन इमारतीच्या वेळी मी असाच सल्ला देईन. पण आपल्या भिंतीवरचा राखाडी ७०१६ नव्हताच. ७०१६ स्पष्ट निळसर आहे. आपण ज्या निळेपणातून बाहेर पडायला बघत होतो त्यातच परत शिरलो असतो.

उरला तो पर्याय मी मांडला: ठिगळं जुळवायचा नाद सोडायचा. ए विंगचा पट्टा गच्चीपासून जमिनीपर्यंत पूर्ण रंगवायचा आणि सांधा तिथे टाकायचा जिथे भिंत स्वतःच थांबते. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना गिलाव्यात खाच होती, पलीकडे क्रीम. वर कठडा काटकोनात वळत होता. दोन पृष्ठभाग वेगळ्या दिशांना असले की त्यांच्यावर पडणारा उजेडच वेगळा असतो, त्यामुळे तिथे दोन-तीन अंकांचा फरक डोळा सहज सोडून देतो. सपाट भिंतीच्या मधोमध तो एक अंकही सोडत नाही.

खर्चाचा प्रश्न होताच. पट्टा ७५० चौरस फुटांचा. एका लिटरमध्ये दोन हातांचे पन्नासेक चौरस फूट धरले तर पंधरा लिटर, तिसऱ्या हातासकट २०ची एक बादली आणि चारचा एक डबा. रंगाचा पैसा फारसा नव्हता. पैसा झुला पुन्हा बांधण्यात आणि मजुरीत होता, आणि तो फेब्रुवारीत एकदा खर्च होऊन गेला होता. काकूंना हे बोचलं आणि त्यांनी ते सभेत स्पष्ट बोलून दाखवलं. त्यांचं चूक नव्हतं. अखेर विशेष सर्वसाधारण सभेत मंजुरी घेतली.

तिसरा निर्णय: पट्ट्याचा रंग कोणता?

इथे माझं आणि मामांचं एकमत नव्हतं. माझं म्हणणं, पट्टा पूर्णच करतोय तर फळीमागचा मूळ रंग घ्यावा, एल ३३. त्याला नंबर आहे, कागद आहे, उद्या कुणालाही पुन्हा मागता येतो. मामा म्हणाले, "मॅडम, बी विंग आणि कठडा अजून तीन वर्षं तसाच राहणार. आपला पट्टा काळाकुट्ट दिसेल, गेटवरून आत आलं की दोन इमारती वाटतील." बी विंगचा पूर्वेचा पट्टा वाचला तर एल ३८ आला.

शेवटी मधला रंग ठरला, एल ३६ च्या आसपास, झाक मूळचीच. नवा रंग काही काळाने थोडा उजळत बाकीच्यांच्या जवळ येईल, हा हिशोब. मी मान्य केलं, पण एक अट घातली: या मधल्या रंगाला कोणत्याच कंपनीचा नंबर नाही, तेव्हा त्याची नोंद ठेवायची.

कंपनी ठिगळांच्या रंगाची, म्हणजे वर म्हटलेली दुसरी कंपनीच, ठेवली. चांगल्या प्रतीच्या अॅक्रिलिकवर दुसऱ्या कंपनीचं अॅक्रिलिक बसायला अडचण नसते, आणि यंत्र त्याच डीलरकडे होतं. फिनिश मात्र मॅट बदलून शीन घेतला.

नमुने

हा टप्पा लोकांना कंटाळवाणा वाटतो, आणि काम इथेच फसतं किंवा तरतं.

नमुना भिंतीवर लावला नाही. सिमेंट शीटचे दोन बाय दोन फुटांचे तुकडे घेतले, प्रायमर, वर रोलरने दोन हात. ते तुकडे गच्चीवरून दोरीने पट्ट्यावर सोडले, सातव्या मजल्यापासून खाली सरकवत. बघायची जागा गेट, कारण सभासद रंग तिथूनच बघतात. वेळा चार: सकाळी आठ, दुपारी एक, सायंकाळी साडेपाच आणि रात्री गेटचा पिवळसर एलईडी लागल्यावर. मोबाइलचे फोटो मोजायचे नाहीत हेही ठरवलं. कॅमेरा प्रत्येक फोटोत पांढऱ्याचा अंदाज स्वतः बदलतो, आणि राखाडीची झाक त्यातच हरवते किंवा दुप्पट होते.

पहिला नमुना दिवसा तिन्ही वेळा सुंदर जुळला. रात्री जांभळा दिसला. डीलरच्या ऑपरेटरने सूत्र काढून दाखवलं: काळा, निळा आणि थोडा मॅजेंटा. यंत्राने दिवसाच्या उजेडाचं गणित बरोबर सोडवलं होतं, पण वेगळ्या द्रव्यांनी. त्याला विनंती केली की निळा-मॅजेंटा वगळून काळा, पिवळा ऑक्साइड आणि लाल ऑक्साइडचा थेंब एवढ्यातच बसवून बघ. सॉफ्टवेअर एकाच रंगाची दोन-तीन सूत्रं देऊ शकतं, पण तसं विचारावं लागतं. ऑक्साइडची द्रव्यं बाहेरच्या उन्हात टिकायलाही चांगली. आकड्यांवर हा दुसरा नमुना पहिल्यापेक्षा थोडा दूर होता. चारही वेळी मात्र तो राखाडीच राहिला. तोच घेतला.

आणखी एक खबरदारी. पहिला नमुना एक लिटरचा होता. एक लिटरमध्ये काही द्रव्यं इतकी कमी पडतात की मशीनचं अगदी लहान मापसुद्धा जास्त ठरतं, आणि वीस लिटरच्या बादलीत रंग वेगळा निघतो. म्हणून दुसरा नमुना चार लिटरचा करून घेतला. तोच डबा पुढे कामातही वापरला.

प्रत्यक्ष काम

मेच्या पहिल्या आठवड्यात झुला लागला. जुनी पूड ब्रशने आणि पाण्याने काढली, निळ्या ठिगळांसकट सगळ्या पट्ट्याला प्रायमर. प्रायमरमध्ये थोडा राखाडी घालून घेतला होता. पांढऱ्या प्रायमरवर डीप बेस चढवणं म्हणजे तिसऱ्या हाताची वाट बघणं. वीसची बादली आणि चारचा डबा मोठ्या ड्रममध्ये एकत्र ओतून तळापासून घोळले, मग परत भरले. मशीन प्रत्येक डबा वेगळा भरतं, आणि गडद रंगात दोन डब्यांमधला फरक चौथ्या मजल्यावर सरळ रेघ होऊन दिसतो.

मामांनी माणसं उतरण्याचा क्रम असा लावला की एका हाताला पट्ट्याची पूर्ण रुंदी एका दमात व्हावी, कडा सुकायच्या आत पुढचा रोलर पोचावा. दुपारी बारा ते चार काम बंद. गडद भिंत मेच्या उन्हात इतकी तापते की रोलर उचलायच्या आत रंग धरतो. खाचेपाशी टेप लावून कड ओढली. चार दिवसांत दोन हात आणि वरच्या दोन मजल्यांना तिसरा.

परिणाम

गेटवरून बघितलं तर ए विंगचा पट्टा बी विंगपेक्षा किंचित गडद आहे. सांगितल्यावर कळतं, एरवी नाही. कठड्याशी मिळणारा कोपरा अपेक्षेपेक्षा चांगला बसला. ग्रुपवर फोटो आले नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मात्र मला जिन्यात गाठून "आता बरं दिसतंय गं" असं म्हटलं, ते लक्षात आहे.

एक दोष राहिला. तिसऱ्या मजल्याच्या ठिगळावर जुलैत पांढरा लोणा फुटला, तळहाताएवढा. त्या जागेचा गिलावा बाकीच्यांपेक्षा उशिरा झाला होता आणि आत ओल होती. क्रीम भिंतीवर तो कुणाला दिसलाही नसता. ऑक्टोबरमध्ये तो कोरड्या ब्रशने झाडून, प्रायमर देऊन पुन्हा रंगवला. यासाठी राखून ठेवलेला एक लिटर उपयोगी पडला, आणि तो त्याच घोळलेल्या ड्रममधला असल्यामुळे जागा सापडत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

गिलावा आणि रंग यांच्यातला वेळ. नव्या गिलाव्याला रंगाआधी साधारण २८ दिवस द्यायला हवेत. फेब्रुवारीत दोन आठवडेही दिले नव्हते. मेमध्ये मला वाटलं की आता पुष्कळ दिवस झाले, म्हणून ओल मोजण्याचं यंत्र पाचही जागी लावलं नाही, दोनच जागी लावलं. तिसरा मजला त्यात नव्हता. ही चूक माझी.

अंदाजपत्रकातली 'जुन्या रंगाप्रमाणे' ही ओळ. तिच्या जागी कंपनी, प्रॉडक्ट, फिनिश, बेस, आणि सांधा कुठे संपेल हे लिहिलं असतं तर पहिला झुला फुकट गेला नसता. कंत्राटदाराला दोष देणं सोपं आहे, पण त्याला जे लिहून दिलं तेच त्याने केलं.

एल ३६ की ३३, यावर माझं मन अजून पूर्ण वळलेलं नाही. दिसायला मामांचा निर्णय बरोबर ठरला. पण आता या इमारतीत तीन राखाडी आहेत, आणि बी विंग रंगवायची वेळ येईल तेव्हा कमिटीला पुन्हा ठरवावं लागेल की कोणता आपला. तेव्हा कमिटीवर दुसरी माणसं असतील, डीलरने सॉफ्टवेअर बदललं असेल, कदाचित कंपनीने बेससुद्धा.

म्हणून सोसायटीच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात एक सिमेंट शीटचा तुकडा ठेवला आहे, एक बाय एक फूट, काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, तीन हात मारलेला. त्याच्या मागे डब्यावरचं सूत्राचं स्टिकर चिकटवलं आहे, बॅच नंबर, फिनिशचं नाव आणि यंत्राचे तिन्ही आकडे बॉलपेनने लिहिले आहेत. शेजारी २०१९चं जुनं बिल, आणि पाइपाच्या फळीमागून काढलेला तो पापुद्रा, एका आगपेटीत.